प्रमाणपत्रं तीन झाली, आता कुणाकडून शिकू?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, एकदा सिटी बसमध्ये आणि मग घरी चष्मा लावून. मला कळला तो असा: वय ३१, नाशिकच्या अंबडला कंपनीत तीन शिफ्टची नोकरी, लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे चर्चमधलं कन्फर्मेशन, झालं. रविवारची उपासना शक्यतो चुकत नाही. गेल्या चार वर्षांत शिष्यत्वाचे तीन कोर्स केलेत, तिन्हींची प्रमाणपत्रं फाइलला आहेत, तरी 'मी होतो तिथेच आहे' असं वाटतं. सात वर्षांत मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, तीन पाळक (पास्टर) झाले. ओळख होते न होते तोच बदली. बायकोला या सगळ्यात फारसा रस नाही. म्हणून तुम्ही विचारता की घरबसल्या थिऑलॉजीची पदवी करू का मेंटर शोधू, आणि शोधायचा तर कुठे? जाता जाता एक ओळ लिहिलीत, की मागच्या बाकावर एक निवृत्त मास्तर बसतात, त्यांनी एकदा तुमच्या शास्त्रवाचनातली, म्हणजे बायबलवाचनातली, चूक दुरुस्त केली होती, पण ते कुणाशी फारसं बोलत नाहीत. त्या ओळीकडे मी शेवटी येणार आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पाळक नाही, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत एक दिवसही बसलेले नाही. चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची अकरा वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून, सगळं नाशिकातच. १९९७ पासून एका वेळी एक किंवा दोन माणसांबरोबर बसून शास्त्र वाचते. बहुतेक बायका, काही नवराबायको, थोडी तरुण पोरं. आजवर तीसेक जण झाले असतील. सगळे टिकले नाहीत. दोघींनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं, आणि त्यातल्या एकीच्या बाबतीत चूक सरळसरळ माझी होती. तेही सांगते पुढे.

तुम्हाला पदवी आणि मेंटर यांतलं एक निवडायचंय. मला त्याच्या आधीची एक अडचण दिसते. तीन कोर्समध्ये तुम्हाला पुष्कळ सांगितलं गेलं, पण त्यातलं काही घरात, कंपनीत करून बघताना शेजारी कुणी नव्हतं. आमच्या कामात याला एक साधा शब्द आहे: ओव्हर. शिफ्ट बदलताना एक सिस्टर दुसरीला ओव्हर देते. रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं असतं, कुणाला कोणतं इंजेक्शन किती वाजता, ताप किती, लघवी किती. तरी शहाणी सिस्टर नुसतं रजिस्टर वाचून ड्यूटी सुरू करत नाही. दोघी मिळून एकेका खाटेपाशी जातात. 'हे बाबा रात्रभर जागे आहेत, मुलगा येतो म्हणाला आणि आला नाही. बीपी त्यामुळे चढलंय, चहा झाल्यावर परत बघ.' 'ह्यांनी कोपर वाकवलं की सलाइन थांबतं.' 'ही बाई दुखतंय असं म्हणणार नाही, तू विचार.' ही तीन वाक्यं कुठल्याच रजिस्टरात सापडत नाहीत. कोर्स म्हणजे रजिस्टर. ते हवंच, त्याच्याशिवाय औषधं चुकतात. पण खाटेपाशी तुम्हाला कुणी नेलं नाही.

तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात प्रेषित पौल हेच सांगतो: माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ते इतरांना शिकवतील. मोजून बघा, एका वाक्यात चार पिढ्या आहेत. पौल, तीमथ्य, ती विश्वासू माणसं आणि 'इतर'. मी तरुण नर्सेसना सांगायचे की हे पत्र म्हणजे मरणाच्या दारातल्या सिस्टरने दिलेला ओव्हर आहे. त्याच्याही आधी मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात येशू बारा जणांना निवडतो, आणि तिथे कारणं दिली आहेत. त्यांना उपदेश करायला पाठवायचं, भुतं काढायचा अधिकार द्यायचा, हे आहेच. पण सगळ्यात आधी काय, तर त्यांनी आपल्याजवळ असावं. आपण हे पहिलं कारण गाळून एकदम पुढच्यावर जातो, आणि मग संध्याकाळचे दोन तास झूमवर शिष्य घडवायला बसतो.

आता पाळकांच्या बदल्या. राग समजतो, पण माझ्या मते तुम्ही चुकीच्या ठिकाणी वाट बघताय. पाळकसाहेबांकडे शंभर-दीडशे कुटुंबं, लग्नं, अंत्यविधी, कमिटीतली भांडणं, छपराची गळती. त्यांच्याकडून दर आठवड्याला तास-दीड तास मिळावा ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्याय आहे. आणि पाळक नसला की शिकणं थांबतं असंही नाही. तुम्ही नाशिकचे, म्हणून नाशिकचंच सांगते. शरणपूर रोडवर आता बँका, शोरूम आणि क्लासेस आहेत. मूळचं शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांची गलबतं समुद्रावर पकडून इंग्रजी आरमार जी आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवी, त्यांतली बरीच इथे आणून ठेवली. त्यांना वाचायला, लिहायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांना स्वतःच्या नावांपासून तोडून इंग्रजी नावं चिकटवली, हे मला आजही खटकतं. पण त्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सोबत होता. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातल्या एका खेड्यात, लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं. आसपास शेकडो मैलांत पाळक नव्हता. दफनाची प्रार्थना वाचली ती नाशिकला वाचायला शिकलेल्या जेकबने. मग ते लोक तो देह खांद्यावर घेऊन महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत गेले. शरणपुरातल्या कुणीतरी कधीतरी त्या पोराच्या शेजारी बसून, ओळीखाली बोट धरून, ती प्रार्थना वाचून घेतली असणार. तो माणूस कोण होता हे कुणाला माहीत नाही. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा मला त्याचीच आठवण येते.

माझ्या ओळीखाली बोट धरणाऱ्या आमच्या बाई. निवृत्त बायबल वूमन, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणारी, शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. १९८९ साली मी सत्तावीस वर्षांची होते, नवं लग्न, नाइट ड्यूट्या, आणि देवावर एक प्रकारचा रुसवा. बाई आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायच्या. त्यांनी मला कधीही 'मी तुला शिकवते' म्हटलं नाही. 'मेथी आणलीय, निवडू लाग' म्हणाल्या. मी मेथी निवडायची आणि मोठ्याने मार्काचं शुभवर्तमान वाचायचं, त्या मधेच थांबवायच्या. चौथ्या अध्यायात वादळ येतं, येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. बाई म्हणाल्या, 'उशी कुठून आली गं?' मी बघतच राहिले. लहानपणापासून ती गोष्ट ऐकलेली, पण उशी मला कधी दिसलीच नव्हती. ती फक्त मार्कानेच लिहिली आहे हे मग आम्ही मत्तय आणि लूक उघडून बघितलं. 'म्हणजे कुणीतरी ती पाहिली होती, आणि मार्काला सांगितली होती,' बाई म्हणाल्या, आणि देठं एका बाजूला सारली.

थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, 'काल रात्री ड्यूटीवर कुणावर ओरडलीस?' मी ओरडले होते, वॉर्डातल्या मावशीवर, बेडपॅन वेळेवर आणलं नाही म्हणून, पेशंटच्या देखत. बाईंना ते कसं कळलं हे मला आजही माहीत नाही. बहुधा माझ्या आवाजावरून. त्यांनी उपदेश केला नाही. 'आज जाताना तिच्यासाठी चहा घेऊन जा' एवढंच. मी गेले. मावशी काही बोलली नाही, चहा मात्र प्यायली. पुढच्या गुरुवारी मेथीऐवजी शेंगा होत्या, आणि बाईंचा पहिला प्रश्न: 'चहा दिलास?'

बंधू, तुमच्या तीनही कोर्समध्ये हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नाही, विचारणं शक्यही नव्हतं.

बाईंनी आणखी एक सवय लावली ती वहीची. दोनशे पानी लाँगबुक. उजव्या पानावर वचन आणि त्यातला न सुटलेला प्रश्न, तारीख घालून. डावं पान कोरं. उत्तर मिळेल तेव्हा डाव्या पानावर, तीही तारीख घालून. कुणाला विचारून दुसऱ्या दिवशी डावं पान भरायचं नाही हा त्यांचा नियम. माझ्या पहिल्या वहीत २२ जून १९९०ला लिहिलेलं आहे: मार्क ११, येशूने अंजिराच्या झाडाला शाप का दिला, 'तो अंजिरांचा हंगाम नव्हता' असं स्पष्ट लिहिलेलं असताना? बिचाऱ्या झाडाचा काय दोष? डावं पान २००३ पर्यंत कोरं होतं. त्या वर्षी मी रविवारच्या शाळेत नववीच्या मुलींना तोच अध्याय शिकवत होते, म्हणजे शिकवण्याचा आव आणत होते. एक मुलगी म्हणाली, 'आंटी, झाडाची गोष्ट मधेच का तोडली?' मी पुन्हा पाहिलं. खरंच, सकाळी शाप, मग मंदिरात जाऊन चौरंग उलथून टाकणं, आणि दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. मंदिराची गोष्ट झाडाच्या दोन तुकड्यांच्या मधोमध ठेवली आहे. लांबून पानांनी भरलेलं, जवळ गेल्यावर फळ नाही: बोलणं झाडाबद्दल नव्हतंच. तेरा वर्षं मी झाडाची बाजू घेऊन भांडत होते, आणि चौदा वर्षांच्या पोरीने एका प्रश्नात गाठ सोडवली. पान पूर्ण भरलं असं म्हणत नाही, अर्धं भरलं.

म्हणून मी मेंटर शोधणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते, तुमच्या मागून शिकणारं कोण आहे? तुमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिला रोज रात्री एक गोष्ट सांगा, शास्त्रातली, आणि ती जे विचारेल ते वहीच्या उजव्या पानावर लिहा. 'नोहाच्या तारवात शी कुठे टाकायचे' हा प्रश्न मला एका बापाने आणून दिला होता. हसू नका, त्या प्रश्नामुळे तो माणूस महिनाभर उत्पत्तीचं पुस्तक नीट वाचत होता. स्वतःचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला काय देणार, असं म्हणत थांबू नका. ओव्हर देणारी सिस्टर सर्वज्ञ नसते. तिची फक्त आठ तास आधीची ड्यूटी झालेली असते.

'होतो तिथेच आहे' या तुमच्या तक्रारीबद्दल एक आडवळण घेते. दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदाराचा मुलगा दोन वर्षं माझ्याबरोबर वाचत होता. योहानाच्या पंधराव्या अध्यायावर आलो, खरा द्राक्षवेल आणि माळी, फळ देणाऱ्या फाट्याला आणखी फळ यावं म्हणून तो साफसूफ करतो. मी त्यावर कितीतरी वेळा बोललेले, बरंच गुळगुळीत झालेलं. तो म्हणाला, 'सिस्टर, आमच्याकडे छाटणी दोनदा असते.' एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. एप्रिलमध्ये वेल जवळजवळ बोडका करतात, उन्हाळ्यात, आणि त्यातून येतो तो नुसता पाला आणि काडी. नवख्याला वाटतं वर्ष फुकट गेलं. पण घड किती लागणार हे त्याच उन्हाळ्यात ठरतं, त्या काडीच्या डोळ्यात, बाहेरून काहीही दिसत नसताना. ऑक्टोबरला छाटतात तेव्हा ते फक्त बाहेर येतं. त्या दिवशी शिकवणारा तो होता. आता तुमचा एप्रिल चालू आहे का खरंच वेल वाळतोय, हे मी इथून सांगू शकत नाही. ते रोज बागेत येणाऱ्यालाच कळतं, म्हणूनच तर जवळचा माणूस हवा.

बायकोचं. तिला ओढू नका, आणि तिच्याकडे पाहून सुस्कारे टाकू नका, ते ओढण्यापेक्षा वाईट. आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं सोपी नव्हती, पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःचे प्रश्न स्वतः सोडवून. आणि टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. तुमची बायको आज बसत नसेल तर मुलीच्या गोष्टीच्या वेळी ती स्वयंपाकघरातून ऐकत असेल. तेवढं पुरे. शिवाय तुम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ बाहेर शास्त्र वाचणार असाल, तर दुसऱ्या एका संध्याकाळी मुलीला तुम्ही सांभाळा आणि तिला मोकळी सोडा. हा हिशोब आध्यात्मिकच आहे.

आता धोक्याचं. आपल्याकडे मेंटर म्हटलं की पटकन गुरू होतो. 'शिष्य' हा शब्दच शास् या धातूपासून आलेला, शासन आणि शास्त्राचा सख्खा भाऊ. पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द शिकणारा, विद्यार्थी अशा अर्थाचा आहे, आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ आहात. माझी चूक इथेच झाली. एक मुलगी माझ्याबरोबर तीन वर्षं होती. हळूहळू ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करायला लागली, नोकरी बदलू का, सासूला काय उत्तर देऊ. रात्री अकराला फोन आला की फ्रिज एका दाराचा घेऊ का दोन दारांचा. मी हसले, पण खरं सांगायचं तर आतून सुखावलेही होते. तिच्या नोकरीच्या बाबतीत मी ठाम सल्ला दिला, तिने तो मानला, आणि तो चुकला. घर दोन वर्षं अडचणीत गेलं. ती मला काही बोलली नाही, यायची थांबली. पुढे दुसऱ्याच एका बहिणीने तिला जवळ केलं, आणि आज ती बायकांच्या संघात माझ्यापेक्षा चांगलं काम करते आहे. पौलाने मार्काला बरोबर न्यायला नकार दिला तेव्हा पौलाचा सोबती बर्णबा याने त्याला आपल्यासोबत नेलं, आणि म्हातारपणी तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ते वाक्य मी तिच्या नावाने वहीत लिहून ठेवलंय.

तेव्हापासून मी कुणालाही 'असं कर' म्हणत नाही, फक्त 'काय केलंस' विचारते. तुमच्यासमोर बसणारा माणूस तुमचे निर्णय घ्यायला लागला, पैशाचा व्यवहार काढला, किंवा 'हे पाळकांना सांगू नकोस' म्हणाला, तर उठा आणि या निघून. दुसरं, 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली आपल्या मंडळ्यांत जेवढ्या चहाड्या होतात तेवढ्या नळावरही होत नसतील. एकदा एका घरसभेत एकाच्या नवराबायकोतलं भांडण 'प्रार्थनेसाठी' मांडलं गेलं, आणि रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीला माहीत झालं. ते कुटुंब परत आलं नाही. पहिल्याच भेटीत ठरवून घ्या की इथलं इथेच राहील. तिसरं नर्स म्हणून सांगते: दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, किंवा जगू नये असं वाटतंय, तर तो वहीत लिहायचा प्रश्न नाही. तिथे डॉक्टर लागतो, आणि सोबत जाणारा माणूस. प्रार्थना चालू ठेवाच, गोळ्याही चालू ठेवा.

पदवीचं. तुम्हाला दीक्षा घेऊन पाळक म्हणून सेवेत जायचं असेल, तर ती लागेलच, आणि मग बिशप आणि तुमची मंडळी यांच्याशी बोलूनच पाऊल उचला. तसं नसेल तरी अभ्यास वाईट नाही. थिऑलॉजीच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रम साध्या नोकरदारांनी केलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्या शास्त्रवाचनाला त्याने खोली आली. फक्त माझी एक अट असते: ज्या प्रश्नासाठी शिकताय तो आधी वहीच्या उजव्या पानावर लिहिलेला असावा. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण त्यांना साध्या बायकांना वाचता येईल असं शास्त्र मराठीत हवं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच मुली ते छापायचं काम करत होत्या. ५ एप्रिल १९२२ला, चौसष्टावं वर्ष पुरं व्हायला आठवडे राहिले असताना, रमाबाई गेल्या, भाषांतर हातावेगळं करून. तिथे शिकणं, शिकवणं आणि छापणं एकाच छपराखाली चाललं होतं. तुमच्याकडे असा प्रश्न तयार झाला असेल तर प्रवेश घ्या. नसेल तर चौथं प्रमाणपत्र पहिल्या तिन्हींच्या शेजारी जाऊन बसेल. फी मोठी नाही, वेळ मोठा आहे, आणि तुमच्या तीन शिफ्टमध्ये तोच कमी आहे.

कसं बसायचं त्याचं वेळापत्रक. शिफ्टवाल्या माणसाला 'दर मंगळवारी' जमत नाही, आणि दोनदा चुकलं की तो अपराधी वाटून तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून फर्स्ट आणि नाइटच्या आठवड्यात संध्याकाळी एकदा, सेकंडच्या आठवड्यात सुट्टी. तीन आठवड्यांत दोन बैठका. मार्काचे अध्याय सोळा, म्हणजे साडेपाच महिने. तासापेक्षा जास्त बसू नका. एकाने मोठ्याने वाचायचं, जुन्या भाषांतरातून, अडलं तर सोप्या मराठीतलं शेजारी. मग तीन गोष्टी: काय दिसलं, काय कळलं नाही, आणि गेल्या वेळी जे करायचं ठरलं त्याचं काय झालं. तिसरी गोष्ट दोघांनीही सांगायची, वयाने मोठा आहे म्हणून सूट नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. कुणाच्या घरी बसत असाल तर दार उघडं. आणि सुरुवातीला फक्त सहा बैठका ठरवा. सहा झाल्या की दोघांनाही न दुखवता थांबता आलं पाहिजे. 'आयुष्यभर माझे मेंटर व्हाल का' असं कुणाला विचाराल तर समोरचा घाबरून पळेल, मीही पळेन.

बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्यासाठी उभे राहिलेले गॉडफादर-गॉडमदर हयात आहेत का, तेही घरी विचारा. त्यांनी तुमच्या वतीने वचन दिलेलं आहे. बहुतेकांना ते कुणी पुन्हा विचारलेलंच नसतं.

आणि आता ते मास्तर. जो माणूस मागच्या बाकावर बसून तुमचं वाचन इतकं लक्ष देऊन ऐकतो की चूक धरतो, आणि ती चारचौघांत न सांगता तुम्हाला एकट्याला सांगतो, त्याला सोडून तुम्ही मेंटर शोधताय? ते कुणाशी बोलत नाहीत असं तुम्ही लिहिता. माझा अनुभव असा की निवृत्त मास्तरांना कुणी काही विचारतच नाही, म्हणून ते बोलत नाहीत. येत्या रविवारी उपासना संपल्यावर सगळे हात मिळवायला दारात जमतात, तेव्हा तुम्ही मागे जा. 'मास्तर, त्या दिवशी तुम्ही सांगितलेला उच्चार मी सुधारला. मार्काचा पहिला अध्याय एकदा तुमच्यासमोर वाचू का?' एवढंच विचारा. मेंटर, शिष्यत्व, कोर्स, यातला एकही शब्द काढू नका. ते बहुतेक म्हणतील, 'मला काय येतंय, पाळकांना विचार.' पहिला नकार आपल्याकडे रीत म्हणून असतो, तो मोजायचा नाही. फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात सहाच्या सुमाराला त्यांच्या घरी जा. जाताना मोठ्या अक्षरांचं शास्त्र बरोबर न्या, त्यांच्या वयाला लहान टाइप वाचवत नाही आणि ते तसं सांगणार नाहीत. वहीही न्या. डावं पान कोरं ठेवून.